पैशापैशाने साठवायचे बळ

(तळेगाव दाभाडे येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर. विषय : नोकरी आणि संसार सांभाळून ट्रायथलॉनची दीर्घकालीन तयारी.)



आजचा विषय ज्या गावात मांडला जात आहे, त्या तळेगावाने विसाव्या शतकाच्या आरंभी एक साधा हिशेब देशापुढे ठेवला होता. प्रत्येक माणसाने वर्षाकाठी अवघा एक पैसा द्यावा आणि त्या निधीतून स्वदेशी उद्योग उभा करावा, ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना. लोकमान्य टिळकांनी तिच्यामागे आपले बळ उभे केले आणि १९०८ मध्ये तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. येथे शिकून तयार झालेले कारागीर पुढे देशाच्या निरनिराळ्या भागांतील काचधंद्यात गेले. एका पैशात काचेचा पेलाही होत नाही. परंतु न चुकता, न थांबता पैसा पडत राहिला तर भट्टी पेटते. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण तर नावातच तळे असलेल्या या गावाला वेगळी सांगायला नको.

हा दाखला येथे देण्याचे कारण आहे. पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे हे तिन्ही प्रकार एकापाठोपाठ एक, मध्ये विश्रांती न घेता पूर्ण करण्याच्या ट्रायथलॉन या क्रीडाप्रकाराकडे मध्यमवर्गीय घरांतील तरुण आणि प्रौढ आज मोठ्या उत्साहाने वळत आहेत. उत्साह स्वागतार्हच आहे. पण बहुतेकांना कारखाना आधी हवा असतो आणि पैसा नंतर टाकायचा असतो. या साधनेत तो क्रम चालत नाही.

स्पर्धेचा जन्म आणि तिची मापे

या खेळाचे वय फार नाही. अमेरिकेत सॅन डिएगो येथे सप्टेंबर १९७४ मध्ये ट्रायथलॉन या नावाने पहिली स्पर्धा झाली. तीत ४६ जण उतरले होते. पुढे हवाई बेटांवर अमेरिकी नौदलातील अधिकारी जॉन कॉलिन्स यांच्या मित्रमंडळींत वाद रंगला की सर्वांत दमदार कोण : पोहणारा, सायकलपटू की धावपटू? त्या बेटावर तिन्ही प्रकारांच्या लांब पल्ल्याच्या शर्यती वेगवेगळ्या होतच होत्या. त्या तिन्ही एकाच दिवशी सलग जोडाव्यात असे ठरले आणि फेब्रुवारी १९७८ मध्ये पहिली ‘आयर्नमॅन’ स्पर्धा झाली. पंधरा जण उतरले, बारा जणांनी ती पूर्ण केली. विजेते गॉर्डन हॉलर यांना ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंद लागले. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये ट्रायथलॉनचा प्रथमच समावेश झाला.

या खेळाची मापे नवशिक्याने नीट ध्यानात घ्यावीत. सर्वांत लहान प्रचलित प्रकार ‘स्प्रिंट’ : ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणे. ऑलिम्पिक अंतर याच्या दुप्पट. त्यानंतर अर्धा आयर्नमॅन : १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे, एकूण ११३ किलोमीटर. पूर्ण आयर्नमॅन म्हणजे ३.८, १८० आणि ४२.२ मिळून २२६ किलोमीटर, आणि त्यासाठी साधारणपणे १७ तासांची मर्यादा. वर्तमानपत्रांतून डोळ्यांसमोर येते ते या शेवटच्या अंतराचे पदक. स्प्रिंटपासून तेथवर किती पायऱ्या आहेत, ते बातमीत येत नाही.

ज्यांची नावे घेतली जातात, त्यांची आधीची वर्षे

मिलिंद सोमण यांनी जुलै २०१५ मध्ये स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे पूर्ण आयर्नमॅन पार केला, तेव्हा त्यांची पन्नाशी काही महिन्यांवर आली होती. वेळ होती १५ तास १९ मिनिटे. या बातमीने महाराष्ट्रातील कितीतरी प्रौढांना पायांत बूट घालायला लावले. परंतु त्या बातमीच्या मागे काय होते? तरुणपणी राष्ट्रीय पातळीवर गाजवलेले पोहणे होते. त्यानंतर मोठा खंड पडला. २००४ मध्ये, म्हणजे मुंबई मॅरेथॉनच्या पहिल्याच वर्षी, ते अर्धमॅरेथॉन धावले. तेथून झुरिचपर्यंत अकरा वर्षे गेली. पोहणे अंगात मुरलेल्या माणसालाही धावण्याच्या आरंभापासून एवढा काळ लागला.

पुण्याचे कौस्तुभ राडकर हेही मूळचे जलतरणपटू. त्यांनी पूर्ण आयर्नमॅन पंचवीसहून अधिक वेळा पूर्ण केला आहे आणि अनेक हौशी लोकांना ते या खेळाचे मार्गदर्शन करतात. एकदा पराक्रम करून थांबणे वेगळे आणि वर्षामागून वर्षे तेच अंतर सुखरूप पार करीत राहणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीसाठी शरीर सांभाळण्याची विद्या लागते.

तिसरे नाव या परिसराच्या अधिक जवळचे. भारतीय पोलीस सेवेतील अधिकारी कृष्ण प्रकाश यांनी २०१७ मध्ये फ्रान्समध्ये पूर्ण आयर्नमॅन पूर्ण केला. पुढे २०२० ते २०२२ या काळात ते पिंपरी-चिंचवडचे पोलीस आयुक्त होते आणि तळेगाव दाभाडे त्याच आयुक्तालयाच्या हद्दीत येते. पोलीस खात्याच्या नोकरीला घड्याळ नसते. तशा नोकरीत राहूनही तयारी करता येते, एवढे या उदाहरणावरून खचित म्हणता येईल.

या पट्ट्यात हा विषय का महत्त्वाचा

चाकण, तळेगाव, पिंपरी-चिंचवड हा देशातील मोटार उद्योगाचा एक प्रमुख पट्टा. येथे सकाळची पाळी, दुपारची पाळी, रात्रपाळी या चक्रावर घराघरांची झोप आणि जेवण ठरते. जो यंत्रावर आहे तो आठ तास उभा असतो, जो कार्यालयात आहे तो आठ तास बसलेला असतो, आणि दोघांचाही जाण्यायेण्याचा वेळ बसमध्ये किंवा दुचाकीवर जातो. रक्तदाब, मधुमेह, पाठीचे दुखणे यांची नावे आता तिशी-पस्तिशीच्या घरांतही ऐकू येतात.

याच पट्ट्यातील एक घटना आठवावी. तळेगावात २००८ मध्ये जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला. २०२० च्या अखेरीस तेथील उत्पादन थांबले आणि पुढे तो ह्युंदाईकडे गेला. कारखान्यांच्या पाट्या बदलतात, मालक बदलतात, यंत्रेही बदलतात. कामगाराजवळ आणि अभियंत्याजवळ अखेरपर्यंत राहते ते त्याचे शरीर आणि हातातील कसब. त्या शरीराची देखभाल हा चैनीचा विषय नव्हे. कुटुंबाच्या सुरक्षिततेचा तो पहिला आधार आहे. म्हणूनच ट्रायथलॉनचा विचार पदकापेक्षा मोठ्या मापाने करायला हवा.

ते माप कोणते? जपानचे हिरोमू इनाडा निवृत्तीनंतर साठीत पोहायला शिकले. वयाच्या सत्तराव्या वर्षी त्यांनी पहिली ट्रायथलॉन केली. २०१५ मध्ये हवाई येथील जागतिक स्पर्धेत ते अंतिम रेषेपाशी पोहोचले, पण वेळेची मर्यादा अवघ्या काही सेकंदांनी हुकली. ते पुन्हा गेले, आणि २०१८ मध्ये वयाच्या ८५ व्या वर्षी त्यांनी तीच स्पर्धा १७ तासांच्या आत पूर्ण केली. अमेरिकेतील मॅडोना ब्यूडर या जोगिणीने पन्नाशीच्या उंबरठ्यावर धावायला आरंभ केला आणि २०१२ मध्ये, ८२ व्या वर्षी, कॅनडात पूर्ण आयर्नमॅन पार केला. तळेगावातील पस्तीस वर्षांच्या गृहस्थाने हा हिशेब मांडून पाहावा. इनाडांनी जेथून आरंभ केला तेथे पोहोचायला त्याच्या हाती अजून पस्तीस वर्षे आहेत. मग घाई कशाची?

संथपणाचे शास्त्र

घाईमुळे काय होते, ते शरीराच्या रचनेवरून कळते. व्यायाम सुरू केल्यावर हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांतच साथ देऊ लागतात. दम कमी लागतो, उत्साह वाढतो. स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा, सांध्यांतील अस्थिबंध आणि स्वतः हाडे मात्र हळूहळू बळकट होतात. त्यांना महिनोन्महिने लागतात. दोन-तीन महिन्यांनी दम पुरेसा झालेला असतो आणि गुडघा, घोटा, नडगी तयार झालेली नसते. याच वळणावर नवशिका अंतर एकदम वाढवतो आणि जायबंदी होतो. त्यानंतर सायकल गॅलरीत जाते आणि तिच्यावर कपडे वाळत पडतात.

संथपणाचे दुसरे कारण पेशींच्या पातळीवर आहे. लांब पल्ल्यासाठी स्नायूंत केशवाहिन्यांचे जाळे वाढावे लागते, ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिका वाढाव्या लागतात आणि शरीराला चरबी हे इंधन म्हणून वापरण्याची सवय लागावी लागते. हे सारे दीर्घकाळ केलेल्या सौम्य श्रमांतून चांगले साधते. म्हणून आरंभीच्या वर्षातील बहुतेक सराव असा असावा की शेजारून धावणाऱ्या मित्राशी पूर्ण वाक्यात बोलता यावे. वाक्य तुटू लागले की गती जास्त झाली, असे समजावे. या कसोटीला कोणतेही यंत्र लागत नाही.

जगज्जेत्यांनाही हा धडा गिरवावा लागला आहे. अमेरिकेचे मार्क ॲलन हवाईच्या स्पर्धेत सहा वेळा उतरले आणि सहाही वेळा विजेतेपदाने त्यांना हुलकावणी दिली. त्या काळात त्यांनी हृदयगती मोजत मुद्दाम संथ धावण्याचा सराव अंगीकारला होता. १९८९ मध्ये ते प्रथम जिंकले आणि त्यानंतर एकूण सहा वेळा जिंकले. येथून जवळच असलेल्या देहूहून पंढरपूरला पायी जाणाऱ्या वारकऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. पहिल्या दिवशी तो धावत सुटत नाही. रोजचा टप्पा ठरलेला, विसावा ठरलेला, मुक्काम ठरलेला. त्या शिस्तीवरच शेकडो किलोमीटरची वाट सरते आणि सत्तरीची आजीही पोहोचते.

तीन विद्यांचा आरंभ

आरंभ वैद्यकीय तपासणीने करावा. चाळिशीच्या पुढे असणाऱ्यांनी, तसेच घरात हृदयविकार किंवा मधुमेह असणाऱ्यांनी, रक्तदाब, रक्तशर्करा आणि हृदयाचा आलेख तपासून घेतल्याशिवाय कठोर सरावाला हात घालू नये. स्त्रियांनी हिमोग्लोबिन अवश्य पाहावे. सरावाच्या वेळी छातीत दाब वाटला, भोवळ आली किंवा विश्रांतीतही धाप लागली, तर तेथेच थांबून वैद्याकडे जावे. त्या दिवशी निग्रह दाखवणे म्हणजे मूर्खपणा होय.

पोहणे ही या तिन्हींतील खरी अडचण. प्रौढपणी शिकणाऱ्याला वाटते की हात जोरात मारले की पुढे जाता येते. वास्तविक पाण्यात ताकदीपेक्षा शरीराची आडवी, सरळ ठेवण आणि श्वासाची लय महत्त्वाची. डोके पाण्यात असताना संथपणे उच्छ्वास सोडणे आणि मान न उचलता कुशीकडे वळून श्वास घेणे एवढे जमले की निम्मे पोहणे आले. लोणावळ्यात १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधामची स्थापना करून श्वासाचा प्रयोगशाळेत अभ्यास आरंभला. प्राणायामाने लागलेली श्वासाच्या जाणिवेची सवय पाण्यात फार उपयोगी पडते. मात्र श्वास रोखण्याचे प्रयोग पाण्यात कधीही करू नयेत. शिकावे ते प्रशिक्षकाच्या नजरेखाली, तरण तलावातच. इंदुरीजवळ कुंडमळ्याला इंद्रायणी खडकांतून वेगाने धावते. तेथील पाणी पाहण्यासाठी आहे, पोहणे शिकण्यासाठी नव्हे.

पाण्याने एखाद्याचे आयुष्य कसे उभे केले, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धा होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना अपंगत्व आले आणि उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. पुढे त्यांनी पुण्यात टेल्कोत नोकरी केली. पद्मश्रीचा सन्मान त्यांना २०१८ मध्ये लाभला. तरण तलावाच्या काठावर उभे राहून ‘आता या वयात कसे जमेल’ असे म्हणणाऱ्याने हे नाव आठवावे.

सायकलीबाबत पहिला प्रश्न किमतीचा विचारला जातो. पहिल्या वर्षी घरातील चालू स्थितीतील कोणतीही सायकल पुरते. बैठकीची उंची अशी असावी की पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. सायकलस्वारांच्या गुडघेदुखीचे मूळ पुष्कळदा चुकीच्या उंचीत असते. जड गिअर रेटण्यापेक्षा हलक्या गिअरवर मिनिटाला ऐंशीच्या आसपास फेरे ठेवावेत. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा यांवाचून रस्त्यावर येऊ नये. रस्त्याची निवड तर याहून महत्त्वाची. तळेगाव-चाकण मार्गावर कंटेनरची रांग असते. त्या रस्त्यावर सराव करणे धोक्याचे आहे. द्रुतगती मार्गावर सायकलींना मज्जावच आहे. रविवारी पहाटे, उजाडल्यावर, वडगाव-कामशेतच्या बाजूने किंवा आंदर मावळ आणि पवनेकडील गावरस्त्यांनी जावे, तेही दोघा-तिघांनी मिळून आणि एका ओळीत.

धावणे सर्वांना येते असा समज आहे, म्हणून सर्वाधिक दुखापती त्यातच होतात. आरंभी पाच मिनिटे चालणे, एक मिनिट धावणे, असे आलटून पालटून करावे आणि आठवड्यागणिक धावण्याचा वाटा थोडा वाढवावा. तीन आठवडे वाढ आणि चौथा आठवडा हलका, हा क्रम हाडांना आणि कंडरांना मानवतो. भंडारा डोंगर किंवा घोरावडेश्वरची चढण आठवड्यातून एकदा चालत चढली तरी मांड्या-पोटऱ्यांना जे बळ मिळते, ते सपाट रस्त्यावर मिळत नाही. सायकलीवरून उतरून लगेच धावले की पाय शिशाचे वाटतात. तो अनुभव शरीराच्या ओळखीचा व्हावा म्हणून सहा महिन्यांनंतर पंधरवड्यातून एकदा सायकलीनंतर दहा मिनिटे धावून पाहावे.

आहारासाठी परदेशी डब्यांची गरज नाही. भाकरी, वरण-भात, उसळ, दही, अंडे ज्याला चालते त्याला अंडे, यांवर तयारी उत्तम होते. तासाभराहून लांब सरावात केळे, गूळ-शेंगदाणे किंवा चिक्की जवळ ठेवावी आणि पाण्यात लिंबू, साखर, मीठ घालावे. घाम गळत असताना केवळ साधे पाणी भराभर पीत राहिल्यास रक्तातील सोडियम घटून प्रकृतीला अपाय होतो, हे अनेकांना ठाऊक नसते.

पाळी, संसार आणि वेळेचा हिशेब

पहिल्या वर्षी आठवड्याला चार ते पाच तास पुरेसे आहेत : दोन दिवस पोहणे, दोन दिवस धावणे, एक दिवस सायकल, आणि दोन दिवस पूर्ण विश्रांती किंवा आसने. ज्याची पाळी दर आठवड्याला फिरते, त्याने वाराऐवजी झोपेवरून वेळापत्रक आखावे. रात्रपाळी संपवून थेट सायकलीवर बसणे दुहेरी धोक्याचे : डोळ्यांवर झोप असते आणि शरीराची झीज भरून निघालेली नसते. आधी झोप, मग सराव. रात्रपाळीच्या आठवड्यात सराव निम्मा झाला तरी चालेल; तुटू मात्र देऊ नये. त्या आठवड्यात वीस मिनिटांचे चालणे हाच त्या दिवसाचा पैसा.

यापेक्षा अवघड हिशेब घरातला असतो. गृहस्थ पहाटे साडेचारला बाहेर पडतो तेव्हा मुलांचे डबे, म्हाताऱ्या आई-वडिलांची औषधे आणि पाण्याची वेळ कोणीतरी सांभाळत असते. ते कोणीतरी बहुधा त्याची पत्नी असते. पदकावर तिचे नाव नसते. म्हणून तयारीचा आराखडा घरात सर्वांसमोर मांडावा, रविवारची सायकल कुटुंबाच्या रविवारावर चालून जाऊ नये आणि जितके तास गृहस्थाला मिळतात तितके तास गृहिणीलाही तिच्या चालण्या-पोहण्यासाठी मिळावेत. सासू-सासऱ्यांसकट घर जेव्हा सकाळी पाय मोकळे करायला बाहेर पडते, तेव्हा एकट्याच्या पदकापेक्षा मोठे काही साधलेले असते. जी साधना घराला थकवते, ती दहा वर्षे टिकत नाही.

एकट्याने करण्यापेक्षा चार जणांनी मिळून करणे केव्हाही बरे. आपल्या तालमींत वस्ताद असे, जोडीदार असे. कोणी गैरहजर राहिला तर दुसऱ्या दिवशी विचारणा होई. वस्तादाचे काम जोर वाढवून घेण्याइतकेच पोराला वेळेवर थांबवण्याचेही होते. आजच्या प्रशिक्षकाची निवड करतानाही हीच कसोटी लावावी. पहिल्या महिन्यातच अर्ध्या आयर्नमॅनचा अर्ज भरायला लावणारा मार्गदर्शक टाळावा.

दहा वर्षांचा आराखडा

दीर्घ ध्येय डोळ्यांसमोर असावे, आणि ते तुकड्यांत मांडलेले असावे. पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबरात आरंभ करणे मावळातल्या हवामानाला धरून आहे. पहिले वर्ष पोहणे शिकण्याचे, सलग पाच किलोमीटर धावण्याचे आणि तीस किलोमीटर सायकल सहज चालवण्याचे. दुसऱ्या वर्षी एखादी स्प्रिंट स्पर्धा, तीही वेळेकडे न पाहता. तिसरे वर्ष ऑलिम्पिक अंतराचे आणि उघड्या पाण्यात, जाणत्यांच्या सोबतीने, सुरक्षा नौकेच्या देखरेखीखाली पोहण्याच्या सवयीचे. चौथ्या-पाचव्या वर्षी अर्ध्या आयर्नमॅनचा विचार करावा. त्यासाठी आता परदेशी जाण्याची गरज उरलेली नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये गोव्यात पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर अशी पहिली स्पर्धा झाली आणि तीत सेनादलाचे मणिपुरी खेळाडू विश्वोरजित सैखोम पहिले आले. साथीच्या काळातील खंडानंतर २०२२ पासून ती पुन्हा सुरू झाली. समुद्रात १.९ किलोमीटर पोहून बाहेर येणे ही तलावात शिकलेल्या माणसासाठी निराळी परीक्षा असते. म्हणूनच तिच्या आधी तीन वर्षे हवीत. पूर्ण आयर्नमॅन त्यानंतर, आणि तोही हवाच असेल तर.

‘हवाच असेल तर’ हे शब्द जपून घ्यावेत. अनेकांना तो कधीच करावा लागणार नाही आणि त्यात काही उणे नाही. पाचव्या वर्षी जो माणूस शांतपणे एक किलोमीटर पोहतो, लोणावळ्यापर्यंत सायकलीने जाऊन येतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर ताजातवाना हजर असतो, त्याने या खेळातून मिळवायचे ते बहुतेक मिळवलेले असते.

याच तळेगावात गो. नी. दांडेकर राहत होते. नर्मदेची परिक्रमा पायी करणारा आणि सह्याद्रीच्या किल्ल्यांवर पुन्हा पुन्हा जाणारा तो लेखक. त्यांच्या चालण्याला कोणी घड्याळ लावले नव्हते, की अंतिम रेषेवर कोणी पदक घेऊन उभे नव्हते. एकच राजगड माणूस किती वेळा चढतो, याचे उत्तर ‘जोवर पाय चालतात तोवर’ असे असू शकते, हे त्यांच्या आयुष्याने दाखवले. स्पर्धा ही वाटेवरील एक पाटी आहे. आपण कुठवर आलो एवढेच ती सांगते.

गावाकडूनही काही अपेक्षा आहेत. चार मुले पहाटे धावू लागली तर त्यांना कुत्र्यांची आणि भरधाव गाड्यांची भीती नसलेला रस्ता मिळावा. मुली आणि प्रौढ स्त्रिया यांना पोहणे शिकण्यासाठी सोयीची वेळ आणि स्त्री-प्रशिक्षक मिळावी. औद्योगिक रस्त्यांच्या कडेला पायी आणि सायकलीने जाणाऱ्यांची वेगळी पट्टी असावी. तिचा पहिला लाभ सायकलीने कामावर जाणाऱ्या कामगाराला होईल. या मागण्या नगर परिषदेपुढे आणि कारखान्यांपुढे लावून धरण्याचे काम पहाटे धावणाऱ्यांनीच अंगावर घ्यावे. रस्ता कोठे खचला आहे आणि कोठे अंधार आहे, ते त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

तेव्हा ज्याला आरंभ करायचा आहे त्याने स्पर्धेचा अर्ज आणि नव्या सायकलीचे दुकान तूर्त बाजूला ठेवावे. उद्या तपासणीची वेळ घ्यावी, परवा तरण तलावाची चौकशी करावी, आणि संध्याकाळी घरातील एकाला बरोबर घेऊन वीस मिनिटे चालून यावे. त्याची नोंद दिनदर्शिकेवर एका टिंबाने करावी. पैसा फंडाचे पहिले मोल त्या पैशात नव्हते. पुढच्या वर्षी तोच माणूस पुन्हा पैसा देईल, या भरवशात होते. दिनदर्शिकेवरची टिंबे वर्षभरानंतर मोजावीत. तीनशेच्या आसपास भरली, तर पुढचा आराखडा आखायला तो माणूस पात्र झाला असे समजावे.